टायमर कोणी लावायचा?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या माध्यमविषयक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराची आखणी चालू असताना मी हा विषय सुचवला, तेव्हा बैठकीतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सवडीनं बघायचा, यात भाषण करण्यासारखं काय आहे? आपल्यापुढे मारहाणीच्या केसेस आहेत, पोटगीच्या तारखा आहेत, रेशनकार्डावरून नाव कमी झालेल्या बायका आहेत. प्रश्न रास्त होता. त्यावर मी एवढंच म्हटलं की 'सवडीनं' हा शब्द जरा उलटापालटा करून बघू या. सवड कोणाची? ती कोण ठरवतं? आणि सवड मिळेपर्यंत जो थांबतो, तो घरातला नेमका कोण असतो?

आधी यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगते. चित्र आणि आवाज टेपवर नोंदवणारं यंत्र १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीनं बाजारात आणलं. ते कपाटाएवढं होतं, किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात, म्हणजे फक्त टीव्ही केंद्रांना परवडणारं. घरात ठेवता येईल असं आणि लोकांनी खरोखर विकत घेतलेलं यंत्र आलं ते १९७५ मध्ये सोनीचं बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसीचं व्हीएचएस. त्याला घड्याळ जोडलेलं होतं. वेळ लावून ठेवली की आपण घरात नसलो तरी कार्यक्रम नोंदला जायचा. आज ज्याला आपण 'नंतर बघू' म्हणतो त्याची सुरुवात तिथली.

यावर हॉलिवूड खवळलं. युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी १९७६ मध्ये सोनीवर दावा लावला, की लोक घरबसल्या आमच्या मालकीच्या कार्यक्रमांची नक्कल करतात आणि तुम्ही त्यांना हत्यार पुरवता. सात वर्षांहून जास्त काळ खटला चालला. शेवटी जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम लागतो त्या वेळी बघता येत नाही म्हणून तो नोंदवून नंतर बघणं हा गुन्हा नव्हे. निकालात त्यासाठी शब्द वापरला गेला तो वेळ सरकवणं. हा शब्द लक्षात ठेवा, तो मला पुढे लागणार आहे.

याच काळातला एक तपशील मात्र आपल्या शिबिरात सांगायलाच हवा. १९८२ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे चित्रपट उद्योगाचे प्रतिनिधी जॅक व्हॅलेंटी साक्ष देत होते. या यंत्रापासून आपल्या धंद्याला किती धोका आहे हे सांगताना त्यांनी एक उपमा वापरली. १९६२ ते १९६४ च्या दरम्यान बोस्टन शहरात घरात शिरून बायकांचे गळे दाबून खून करण्याचं सत्र चाललं होतं. व्हॅलेंटी म्हणाले की चित्रपट निर्मात्याच्या दृष्टीनं हा व्हीसीआर म्हणजे घरात एकट्या असलेल्या बाईच्या दारातला तो बोस्टनचा खुनी. बघा, कोट्यवधी डॉलर्सच्या कंपन्यांना आपण किती गरीब आहोत हे दाखवायचं झालं तेव्हा उपमेला सापडली ती घरातली एकटी बाई! खरीखुरी घरातली बाई, जी दिवसभर त्या यंत्राच्या खोलीत झाडू मारत होती, तिला त्या साक्षीत कोणी बोलावलं नव्हतं.

तिला विचारलं ते अभ्यासक बायकांनी. अ‍ॅन ग्रे नावाच्या एका ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये तीस बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या घरात व्हीसीआर आलेला होता. ग्रेबाईंनी त्यांना एक खेळ दिला. समजा, घरातल्या प्रत्येक यंत्राला रंग द्यायचा आहे. बाई वापरते ते गुलाबी, पुरुष वापरतो ते निळं, दोघं वापरतात ते जांभळट. इस्त्री गुलाबी निघाली, भिंतीला भोक पाडायचं ड्रिल निळं निघालं, इथपर्यंत काही नवल नाही. पण व्हीसीआरच्या बाबतीत त्यांनी एका यंत्राचे तुकडे करून प्रत्येक बटणाचा रंग विचारला. चालू करणं, मागे नेणं, रेकॉर्ड करणं ही बटणं जांभळट निघाली, ती दोघंही वापरत. टायमर मात्र जवळपास सगळीकडे निळा. पुढच्या आठवड्यात अमुक वारी अमुक वाजता अमुक कार्यक्रम नोंदवायचा, हे यंत्राला सांगून ठेवायचं काम नवरा करायचा, नाहीतर मुलगा. आणि रिमोट तर इतका गडद निळा की त्याबद्दल प्रश्नच नव्हता.

हा खेळ मी आमच्या भागातल्या एका बचत गटात घेऊन पाहिला. इंग्लंडच्या बायका आणि आमच्या बायका वेगळ्या, म्हणून यंत्रंही आमची घेतली. मिक्सर गुलाबी, पण मिक्सर जळाला की निळा. गॅसची शेगडी गुलाबी. पाण्याच्या मोटरवर मात्र वाद झाला. पहाटे साडेचारला पाणी येतं तेव्हा उठून बटण दाबणारी बाई, म्हणून सुरू करणं गुलाबी. मोटर बिघडली की मेकॅनिकशी बोलणारा पुरुष, म्हणून दुरुस्ती निळी. आणि लाइटबिल भरायला रांगेत उभं राहणं? ते पूर्वी गुलाबी होतं, मोबाईलवरून भरता यायला लागल्यापासून निळं झालं, असं एक मावशी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. हसण्यावारी नेण्यासारखं ते वाक्य नाही. काम कष्टाचं होतं तोवर ते आपलं होतं, सोपं आणि रुबाबाचं झालं तसं ते हलकेच दुसऱ्याच्या हातात गेलं.

आता आपल्यातल्या काही जणी लगेच म्हणतील, बायकांना टायमर लावता येत नव्हता तर शिकवायला हवं होतं. प्रशिक्षण घ्या, पुस्तिका काढा. मला हे उत्तर घाईचं वाटतं. ग्रेबाईंना मुलाखतीत काही बायकांनी काय सांगितलं ते ऐका. एकीनं सांगितलं, मी मुद्दामच शिकत नाही. एकदा मी प्लग जोडायला शिकले, तेव्हापासून घरातले सगळे प्लग माझ्याच गळ्यात पडले. हे शिकले तर हे कामही माझंच होईल. ग्रेबाईंनी याला हिशेबी अज्ञान असं नाव दिलं आहे. न येणं ही कमतरता असेलच असं नाही, तो नकारही असू शकतो. ज्या घरात 'येतं' आणि 'करावं लागतं' यांच्यात काही अंतर उरलेलं नसतं, तिथे 'मला नाही बाई येत' हे बाईचं एकमेव हत्यार असतं. आपल्या आया-आज्यांनी हे कितीतरी बाबतींत वापरलेलं आहे.

पण हत्याराची किंमतही मोजावी लागते. स्वतःला हवी ती मालिका नोंदवायची तर मुलाची मनधरणी करावी लागते. तो विसरला तर बोलायचं नाही, कारण कामच आपलं नव्हतं. म्हणजे कामातून सुटका झाली ती आपली निवड सोडून देऊन.

आणि ही भानगड यंत्राच्या अवघडपणाची नव्हती, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. १९८४ मध्ये अहमदाबादला 'सेवा' संघटनेत, मार्था स्टुअर्ट या अमेरिकन माध्यमकर्मीच्या मदतीनं व्हिडिओचं प्रशिक्षण झालं. शिकायला बसलेल्यांमध्ये भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका होत्या. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच बायकांनी पुढे कॅमेरा चालवला, रेकॉर्डर चालवला, आपल्या मागण्यांच्या फिल्मा काढल्या, दाखवल्या. यॉर्कशरमधल्या शिकलेल्या बाईला टायमर जमत नव्हता आणि अहमदाबादच्या निरक्षर बाईला अख्खा व्हिडिओ जमला, याचा अर्थ काय होतो? यंत्र कोणासाठी, कशासाठी आणि कोणाच्या हुकुमानं चालवायचं आहे, त्यावर 'जमणं' अवलंबून असतं.

लंडनमध्ये डेव्हिड मॉर्ली यांनी १९८६ च्या सुमारास अठरा कुटुंबांचा अभ्यास केला होता, त्यातली एक गोष्ट इथे घालते. पुरुष टीव्ही बघतात ते मन लावून, शांततेत, आधी ठरवून. बायका बघतात ते विणता विणता, इस्त्री करता करता, मधेच उठून. नुसतं बसून बघायचं झालं तर त्यांना अपराधी वाटतं. मनासारखा सिनेमा त्या बघतात तो घरात कोणी नसताना. याचं कारण मॉर्लींनी बायकांच्या स्वभावात शोधलं नाही. पुरुषाला घर ही कामावरून परतून विसावण्याची जागा असते. बाईला घर हीच कामाची जागा असते, मग ती बाहेर नोकरी करत असली तरीही. कारखान्यात मशीनसमोर बसून सिनेमा बघावा तसं तिला वाटत असणार.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे व्हीसीआर आला तो साधारण १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी, रंगीत टीव्हीच्या बरोबरीनं. आखातात कामाला गेलेल्यांच्या सामानातून आला, आणि त्याहून जास्त आला तो भाड्यानं. एका रात्रीसाठी यंत्र आणि तीन कॅसेट. गणपतीत, पूजेच्या रात्री, अख्ख्या चाळीनं मिळून बघायचं. पुढे ज्यांनी विकत घेतलं त्यांतल्या अनेकांकडे व्हीसीपी असायचा, म्हणजे स्वस्तातलं, कॅसेट नुसती लावता येणारं यंत्र. त्यात रेकॉर्ड करण्याची सोयच नव्हती. तेव्हा वेळ सरकवण्याचं स्वातंत्र्य आपल्या देशातल्या बहुसंख्य घरांना त्या काळात मिळालंच नाही.

आणि इथेच मला एक उलटी गोष्ट दिसते. त्या वेळी बहुतेक ठिकाणी दूरदर्शनचं एकच चॅनेल. १९८४ मध्ये 'हम लोग' लागलं, १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. वेळ ठरलेली, चुकलं तर चुकलं. त्या काळात संसार करणाऱ्या वयस्क बायका मला सांगतात, की त्या वेळेआधी स्वयंपाक उरकायचा, मुलांना आंघोळी घालायच्या आणि पदराला हात पुसत टीव्हीपुढे बसायचं, की अर्धा-पाऊण तास कोणी उठवायचं नाही. पूर्णिमा मानकेकर यांनी १९९० च्या सुमारास दिल्लीतल्या निम्नमध्यमवर्गीय बायकांशी बोलून लिहिलेलं पुस्तक १९९९ मध्ये आलं, त्यातही मालिकेच्या वेळेभोवती कामं बसवणाऱ्या बायका भेटतात. 'रामायणा'चं राजकारण काय होतं आणि त्यानं काय पेरलं, यावर आपण आपल्या मासिकांतून, बैठकांतून भरपूर बोललो आहोत, ते मी मागे घेत नाही. पण ठरलेल्या वेळेनं बाईला एक निमित्त दिलं होतं. 'आता माझी सिरियल आहे' असं म्हणण्याचं निमित्त. ती वेळ तिच्या हातात नव्हती, हीच तिची ढाल होती. कार्यक्रम थांबणार नाही, म्हणून भाजी थांबेल.

वेळ सरकवता यायला लागली तशी ती ढाल गेली. २००८ मध्ये टाटा स्कायनं रेकॉर्ड करणारा सेट-टॉप बॉक्स आणला, मग मोबाईल आले, मग मालिका आदल्या दिवशीच अ‍ॅपवर दिसायला लागल्या. आता व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनीही २०१६ मध्ये थांबली आहे. आजच्या घरातला संवाद ऐका. रात्री आठला बाई टीव्हीपुढे बसते. नवऱ्याला सामना बघायचा असतो, सासऱ्यांना बातम्या. पूर्वी यावर भांडण व्हायचं, कधी ती जिंकायची, कधी हरायची. आता भांडण होत नाही. 'तुझं काय, तू नंतर बघ ना, मोबाईलवर आहेच.' वाक्य किती समजूतदार आहे बघा! त्यात तिला काही नाकारलेलंच नाही. मोठा पडदा, सोफा, गरम चहा आणि रात्रीचे आठ हे त्याच्याकडे राहतात. तिच्याकडे येतो तो तळहाताएवढा पडदा, कानात बोंडं आणि रात्रीचे साडेअकरा. दोन भाग बघून साडेबाराला ती झोपते आणि पाण्यासाठी साडेचारला उठते. एका आरोग्य शिबिरात झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या बायकांना मी विचारत होते, झोपायला किती वाजतात? बऱ्याच जणींना झोप न लागण्याचा आजार नव्हताच. दिवसात स्वतःचा असा एकच तास होता आणि तो त्या झोपेतून काढत होत्या.

सरकारी आकडे घ्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरकामाला हात लावणारे पुरुष आहेतच मुळात चारांत एकाच्या आसपास, आणि बायका दहांतल्या आठ. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलेलं आहे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. या घरात टीव्हीचा कार्यक्रम कितीही सरकवा, तो सरकून जाणार कुठे? जिथे रिकामी जागा आहे तिथे. आणि तिच्या दिवसात रिकामी जागा फक्त रात्रीची आहे.

माझं म्हणणं चुकीच्या अर्थानं घेऊ नका. रात्रपाळीच्या नर्सला, दिवसभर सर्व्हे करत फिरणाऱ्या आशाताईला, दुकान सांभाळणाऱ्या बाईला नंतर बघता येणं ही मोठी सोय आहे. ठरलेल्या वेळेचे दिवस परत आणा, असं कोण म्हणेल! माझा आग्रह एवढाच, की गटात फुरसतीवर बोलताना 'टीव्ही बघता का, किती वेळ?' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या पडद्यावर, किती वाजता, कोणाचं झाल्यावर, आणि मधे किती वेळा उठून, हेही विचारा. उत्तरं लिहून घ्या. 'सिरियली बघून बायका बिघडल्या' हे भाषण ठोकणाऱ्या आपल्याच पुरुष कार्यकर्त्यांपुढे ती उत्तरं ठेवण्यासारखी असतात.

आतापर्यंत जे बोलले ते बघण्याबद्दल. पण रेकॉर्ड करण्याला दुसरी एक बाजू आहे, आणि ती आपल्या चळवळीच्या जास्त कामाची आहे. नोंद ठेवणं.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाची एक बाई होऊन गेली. जन्म १९२९ चा. कृष्णवर्णीय, ग्रंथपाल, डाव्या विचारांची, नागरी हक्कांच्या चळवळीतली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक टीव्हीवर सामाजिक प्रश्नांवर चर्चेचा कार्यक्रम चालवण्यात तिचा हात होता. म्हणजे टीव्ही आतून कसा चालतो हे तिनं पाहिलं होतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिनं घरी रेकॉर्डिंग सुरू केलं. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीत ओलीस धरण्याचा प्रकार घडला आणि रोज त्याच बातम्या सुरू झाल्या. तेव्हापासून बाईनं यंत्र बंद केलं नाही. एकाच वेळी आठ-आठ रेकॉर्डर चालू. कॅसेट सहा तासांची, म्हणून दर सहा तासांनी बदलायची. बाहेर जेवायला गेलं तरी कॅसेट संपायच्या आत घरी. तेहतीस वर्षं हे चाललं. १४ डिसेंबर २०१२ रोजी ती वारली तेव्हा सत्तर हजारांच्या वर कॅसेट साठल्या होत्या. त्या ठेवण्यासाठी घरं घेतलेली होती.

लोक तिला विक्षिप्त म्हणत. तिचं म्हणणं असं, की बातमी पहिल्या तासाला एक असते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी होते. मधे ती कोणी, कशी बदलली हे दाखवायला पुरावा हवा, आणि वाहिन्या तो ठेवणार नाहीत. यात ती बरोबर होती. टेप महाग, म्हणून जुनी पुसून तीच पुन्हा वापरायची ही टीव्ही केंद्रांची रीतच होती. बीबीसीनं १९६० आणि ७० च्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असे पुसले, आपल्या दूरदर्शनचंही बरंच जुनं काम असंच गेलं. २०१३ मध्ये मॅरियनच्या कॅसेट इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं घेतल्या, त्या नेण्यासाठी मोठमोठे कंटेनर लागले. २०१९ मध्ये मॅट वुल्फ यांनी तिच्यावर माहितीपट केला.

तिचं कौतुक करतानाही एक गोष्ट मी झाकणार नाही. हे तिला जमलं ते हाताशी पैसा होता म्हणून. वेळीच घेतलेल्या अ‍ॅपल कंपनीच्या शेअरनी तिला हात दिला. आणि कॅसेट बदलायला घरातली माणसं, पुढे पगारी मदतनीस राबत होते. घरच्यांचं आयुष्यही त्या सहा तासांना बांधलेलं होतं. दुसऱ्याच्या श्रमाचा प्रश्न इथेही सुटत नाही. तरीसुद्धा टायमर निळा असण्याच्या काळात एका बाईनं आठ यंत्रांचे टायमर आपल्या हाती ठेवले आणि काय जपायचं ते स्वतः ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं.

एकटीनं तेहतीस वर्षं करण्याऐवजी अनेकींनी मिळून एक दिवस करायचं, हा दुसरा मार्ग. बीजिंग परिषदेच्या वर्षी, १८ जानेवारी १९९५ रोजी, एकाहत्तर देशांतल्या स्त्री-गटांनी आणि अभ्यासकांनी त्या एका दिवसाची वर्तमानपत्रं, रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्या तपासल्या. बातम्या हवेत विरतात, म्हणून त्या नोंदवून घेऊन पुन्हा पुन्हा बघायच्या आणि मोजायचं. बातम्यांत ज्यांच्याबद्दल बोललं जातं किंवा जे बोलतात, त्यांत बायका किती? शंभरात सतरा. दर पाच वर्षांनी ही मोजणी होत आली आहे. २०२० मध्ये एकशे सोळा देश होते आणि आकडा पंचवीसवर आला होता. पंचवीस वर्षांत आठानं वाढ. 'बातम्यांत बायका दिसतच नाहीत' हे आपण सगळ्या म्हणत होतो. शंभरात सतरा म्हटल्यावर संपादकांना उत्तर द्यावं लागलं.

आपल्याला हे कसं करता येईल, ते आता सांगते.

एखाद्या वाहिनीवर बलात्काराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड होईल असं दाखवलं, किंवा चर्चेत बसलेला माणूस तिच्या कपड्यांवर घसरला. आपण संतापतो, फोनाफोनी करतो, निवेदन लिहितो. आठवड्यानं वाहिनी म्हणते, असं काही आम्ही दाखवलंच नाही. वाहिन्यांच्या परवान्याच्या अटींमध्ये प्रसारित केलेल्या मजकुराची नोंद ९० दिवस ठेवायची अट आहे. त्यामुळे तक्रार करताना 'तुमच्याकडची नोंद जपून ठेवा' असं लेखी मागा. नव्वद दिवसांनंतर जिच्याकडे स्वतःचं रेकॉर्डिंग आहे तिच्याकडेच ते असेल. तक्रार आधी वाहिनीकडे, मग त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, मग सरकारकडे, अशी तीन पायऱ्यांची रीत २०२१ च्या नियमांत आहे. त्यात मुदती असतात, म्हणून त्याच आठवड्यात हालचाल करा.

रेकॉर्ड केलं तर आपल्यावरच केस होईल का, असं काल एकीनं विचारलं. प्रताधिकार कायदा, १९५७, याच्या ३९ व्या कलमात प्रसारणाचं स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी रेकॉर्डिंग करण्याला मोकळीक दिलेली आहे. चौकात पडदा लावून दाखवणं किंवा अख्खा कार्यक्रम नेटवर चढवणं त्यात बसत नाही, त्याआधी वकील मैत्रिणीशी बोला. आणि कोर्टात द्यायचं असेल तर नुसता पेनड्राइव्ह चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, याचं ६३ वं कलम जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वीच्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. म्हणून कोणत्या यंत्रावर, कोणी, कधी नोंदवलं हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि मूळ फाइलला हात लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला तुकडा हा मूळ नव्हे.

सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईल स्टँडवर लावून पडदा चित्रित करा. कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह आणि खालची पट्टी चौकटीत आली पाहिजे. शेजारी भिंतीवरचं घड्याळ आलं तर आणखी चांगलं. आधी पाच मिनिटं, नंतर पाच मिनिटं जास्तीची ठेवा, नाहीतर 'संदर्भ सोडून कापलं' म्हणतात.

आणि हे काम घरातल्या मुलावर टाकू नका. गटातल्या दोघींनी वाटून घ्या, एकीची पाळी असेल तेव्हा दुसरी तिच्या घरची पोळ्यांची बाजू बघेल, असं ठरवूनच घ्या. आमच्याकडे आठवड्याला एक संध्याकाळ असं चालतं आणि त्या संध्याकाळी आठ वाजता मोठा टीव्ही त्या बाईच्या ताब्यात असतो. घरच्यांना सांगायचं, संस्थेचं काम आहे. पहिल्या महिन्यात दोन घरांत कुरबूर झाली, मग थांबली.

जेवणानंतरच्या सत्रात आपण काल रात्रीच्या नऊच्या बातम्या बघणार आहोत. रेकॉर्डिंग तयार आहे. चार-चार जणींचे गट करा, प्रत्येक गटाला एक तक्ता मिळेल: बातमी कोणती, बोललं कोण, बाई असेल तर तिची ओळख कशी करून दिली, नावानं, कामानं की कोणाची तरी बायको म्हणून. एका बातमीसाठी एक ओळ. रिमोट दर दहा मिनिटांनी पुढच्या गटाकडे जाईल.